उंचीवरून दिसणारी एकता

अवकाशातून पृथ्वीकडे पाहिले की जात दिसत नाही, धर्म दिसत नाही, देशांच्या सीमा दिसत नाहीत, दिसतो तो फक्त एक निळा गोल. हे वाक्य गेल्या दोन-तीन वर्षांत मी इतक्या व्यासपीठांवरून ऐकले आहे की वक्त्याने 'अवकाशातून' एवढे म्हटले की पुढचे सगळे आपोआप ऐकू येते. विज्ञान दिनाचे प्रमुख पाहुणे ते म्हणतात, साहित्य संमेलनातील परिसंवादात ते म्हटले जाते, आणि आता आपले तरुण कवीही ते म्हणू लागले आहेत. या शेवटच्या गोष्टीमुळे हा लेख लिहावा लागत आहे.

प्रस्थापितांनी काय म्हणावे हा त्यांचा प्रश्न आहे. परंतु ज्या साहित्याचा जन्मच आपल्याला गावाबाहेर ठेवले गेले या जाणिवेतून झाला, त्या साहित्यात 'वरून पाहिले तर सारे एकच' हा सूर कसल्याही झगड्याशिवाय शिरत असेल, तर तो कोठून आला आणि कोणत्या प्रतिमेच्या खांद्यावर बसून आला, हे तपासणे समीक्षेचे कामच आहे. 'वैश्विक व्हा' हा उपदेश दलित साहित्याला पहिल्यापासून केला जात आहे. पूर्वी तो रससिद्धांताच्या नावाने होत असे, पुढे शुद्ध कलामूल्यांच्या नावाने झाला. आता त्या उपदेशाच्या हाती एक छायाचित्र आले आहे, आणि छायाचित्राशी वाद घालता येत नाही असा एक सार्वत्रिक समज आहे. मला तो मान्य नाही. कविता आपण जशी ओळ न् ओळ तपासतो तसे छायाचित्रही तपासता येते. ते कोणी काढले, कोठून काढले, छापताना त्याचे काय केले, त्याच्याखाली कोणी काय लिहिले आणि केव्हा लिहिले, हे सगळे प्रश्न त्याला विचारता येतात.

या साऱ्या प्रतिमांची आद्य प्रतिमा म्हणजे 'अर्थराइज', अर्थात पृथ्वीचा उदय. २४ डिसेंबर १९६८ रोजी अपोलो-८ हे अमेरिकन यान चंद्राभोवती चौथी फेरी घालीत होते. आत फ्रँक बोर्मन, जेम्स लोव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघे होते. त्यांना नेमून दिलेले काम चंद्राच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेण्याचे. यान स्वतःभोवती वळत असताना खिडकीत अचानक पृथ्वी आली. अँडर्सने आधी एक कृष्णधवल छायाचित्र घेतले, मग घाईघाईने रंगीत फिल्म मागून घेतली आणि हॅसलब्लाड कॅमेऱ्याला २५० मिलिमीटरचे भिंग लावून ते जगप्रसिद्ध छायाचित्र टिपले. खाली चंद्राची करडी जमीन, वर काळ्या आकाशात अर्धी उजळलेली निळी पृथ्वी. आपण सर्वांनी ते पाहिले आहे.

परंतु अँडर्सने ते तसे काढलेच नव्हते. मूळ छायाचित्रात चंद्राची कड उजवीकडे उभी आहे आणि पृथ्वी तिच्या डावीकडे आहे. छापणाऱ्यांनी ते फिरवले, कारण जमीन खाली आणि उगवणारी वस्तू वर असली म्हणजे वाचकाला बरे वाटते. 'उदय' हा शब्दही असाच. चंद्राची एकच बाजू सतत पृथ्वीकडे असते. त्यामुळे चंद्रावर एका जागी उभ्या राहिलेल्या माणसाला पृथ्वी उगवताना दिसायचीच नाही, ती आकाशात जवळजवळ एकाच ठिकाणी टांगलेली राहील. हलत होते ते यान. पाहणाऱ्याची गती पाहिल्या गेलेल्या वस्तूच्या नावावर जमा झाली! आपल्याकडच्या सामाजिक इतिहासलेखनात हे किती वेळा घडले आहे ते वाचकांनी आठवून पाहावे.

आता छायाचित्राखालच्या मजकुराकडे वळू. त्याच संध्याकाळी तिघांनी चंद्राभोवती फिरत असताना बायबलमधील सृष्टीच्या उत्पत्तीचा भाग आळीपाळीने वाचला आणि तो जगभर प्रक्षेपित झाला. दुसऱ्या दिवशी, २५ डिसेंबरला, 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये कवी आर्चिबाल्ड मॅक्लिश यांचे एक छोटे चिंतन प्रसिद्ध झाले. त्या असीम थंडीत पृथ्वी जशी आहे तशी पाहणे म्हणजे आपण सारे एकाच वाहनातले प्रवासी, एकमेकांचे भाऊ आहोत हे पाहणे, असा त्याचा आशय. पुढे हा आशय या छायाचित्राला कायमचा चिकटला. मात्र तारखा नीट पाहाव्यात. मॅक्लिश यांचे चिंतन छापून आले २५ डिसेंबरला आणि यान समुद्रात उतरले २७ डिसेंबरला. फिल्म त्यानंतर धुतली गेली. म्हणजे बंधुभावाचा अर्थ आधी छापला गेला आणि ज्याचा तो अर्थ म्हणून आपल्याला सांगितला जातो ते रंगीत छायाचित्र पृथ्वीवर नंतर पोहोचले. मॅक्लिश यांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. ते वर्ष अमेरिकेने व्हिएतनाममध्ये आणि स्वतःच्या शहरांत रक्त सांडण्यात घालविले होते. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंगांची हत्या झाली होती. थकलेल्या माणसाला बंधुभाव दिसावा अशी इच्छा होणे समजू शकते. तरीही ती इच्छा होती. छायाचित्राने ती सिद्ध केलेली नव्हती.

२५ डिसेंबर हा दिवस या नियतकालिकाच्या वाचकाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृती जाळली गेली. आणि १९६८ सालच्या याच तारखेच्या रात्री, मॅक्लिश यांचे बंधुभावाचे चिंतन छापून आले त्याच दिवशी, तमिळनाडूच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेनमणी या गावात दलित शेतमजुरांची ४४ माणसे एका झोपडीत जाळून मारण्यात आली. त्यांत बहुतेक बायका आणि मुले होती. मजुरीत थोडे जास्त धान मिळावे म्हणून ते लाल झेंड्याखाली संघटित झाले होते, हा त्यांचा अपराध. अपोलो-८ तेव्हा चंद्राची कक्षा सोडून परतीच्या वाटेवर होते. पृथ्वी त्यांच्या समोर होती. तिच्यावरची ती झोपडी त्यांना दिसणे शक्य नव्हते, आणि त्याबद्दल त्या तिघांना दोष देणे वेडेपणाचे होईल. माझा प्रश्न त्यांना नाहीच. तो आपल्याला आहे. या दोन घटना आपण कधी एका पानावर का ठेवल्या नाहीत? एक 'मानवजातीची' म्हणून पाठ्यपुस्तकात गेली आणि दुसरी 'दलितांची' म्हणून आपल्या स्मृतिदिनापुरती उरली. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. इतकी श्रीमंत, मोटारी बाळगणारी माणसे स्वतः पायी चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही, असा त्या निकालाचा सूर होता. उंचीवरून पाहण्याचा हाही एक प्रकारच.

तमिळनाडूचे उदाहरण घेतले म्हणून महाराष्ट्राने सुटकेचा श्वास टाकण्याचे कारण नाही. खैरलांजी २९ सप्टेंबर २००६ ची आहे, आणि तेव्हाही अंतराळ स्थानकात माणसे होती व त्यांच्यापाशी कॅमेरेही होते.

या प्रतिमेला पहिला खरा सवाल अमेरिकेतील काळ्या माणसांनी केला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. १५ जुलै १९६९ रोजी, अपोलो-११ सुटण्याच्या आदल्या दिवशी, किंगांचे सहकारी राल्फ ॲबरनाथी गरीब काळ्या कुटुंबांना घेऊन फ्लोरिडातील प्रक्षेपण केंद्राच्या दारात गेले. बरोबर खेचरांची गाडी होती. खेचर हे तेथील काळ्या शेतमजुराच्या कष्टाचे चिन्ह. किंगांची शवपेटीही खेचरांच्याच गाडीतून नेली होती. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना मैदानात येऊन भेटले. उद्याचे उड्डाण रद्द करून गरिबी नाहीशी होणार असती तर आम्ही कळ दाबलीच नसती, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले आणि काही कुटुंबांना दुसऱ्या दिवशीचे उड्डाण पाहण्यासाठी आत जागा दिली. भाकरीचा प्रश्न घेऊन आलेल्यांना प्रेक्षकाची जागा मिळाली! पुढच्याच वर्षी गिल स्कॉट-हेरन यांची 'व्हाइटी ऑन द मून' आली, आणि तिने चंद्रावरचा खर्च आणि काळ्या वस्तीतले न भागणारे दवाखान्याचे बिल एकाच ठेक्यात शेजारी शेजारी ठेवले. ब्लॅक पँथर आणि काळ्यांचे साहित्य यांचे ऋण दलित पँथरच्या पिढीने मोकळेपणाने मान्य केले होते. ज्यांच्याकडून आपण विद्रोह शिकलो त्यांनी या निळ्या गोलाकडे कसे पाहिले, एवढे तरी आजच्या कवीने पाहायला हवे होते.

दुसरे छायाचित्र 'ब्लू मार्बल'. ७ डिसेंबर १९७२, अपोलो-१७, अंतर सुमारे २९,००० किलोमीटर. सूर्य पाठीशी असल्याने पृथ्वीचा संपूर्ण गोल उजळलेला. ते यूजीन सर्नन, रोनाल्ड इव्हान्स आणि हॅरिसन श्मिट या तिघांच्या नावावर मिळून नोंदले आहे. त्यात आफ्रिका आहे, अरबस्तान आहे, दक्षिण ध्रुवाकडचे बर्फ आहे. आशिया ईशान्येच्या कडेला कसाबसा मावला आहे. त्या बाजूला ढगांचे एक सुंदर वेटोळे दिसते. हे वेटोळे म्हणजे दोनच दिवस आधी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळलेले चक्रीवादळ. ज्यांनी हे छायाचित्र भिंतीवर लावले त्यांना ते नक्षीसारखे वाटले असणार. त्याखाली कोणाची घरे सर्वांत आधी पडली असतील हे सांगण्यासाठी हवामानशास्त्राची गरज नाही. सखल जागी, मातीच्या भिंतीत कोणाला राहावे लागते हे आपल्याला ठाऊक आहे. त्याच डिसेंबरात महाराष्ट्रात दुष्काळ होता, आणि माझी आजी इतर लाखो माणसांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडत होती. पृथ्वी निळी आहे, तिच्यावर पाणीच पाणी आहे, हे तिला कोणी सांगितले असते तर तिने काय उत्तर दिले असते याची मला साधारण कल्पना आहे. ते येथे छापता येणार नाही.

हेही छायाचित्र मुळात उलटे आहे. अंतराळवीराच्या कॅमेऱ्यात दक्षिण ध्रुव वर होता. प्रसिद्ध करताना ते फिरवून उत्तर वर आणली गेली. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे, कारण या साऱ्या प्रकरणात आपल्या उपयोगाचे जे काही आहे ते येथेच आहे.

आपल्या कवींचा एक गोंधळ मात्र आधी दूर केला पाहिजे. अंतराळ स्थानकाच्या खिडकीतून 'निळा गोल' दिसतो असे ते लिहितात. तो दिसत नाही. संपूर्ण गोल पाहण्याइतके दूर अपोलोच्या काळात फक्त २४ जण गेले, आणि ते चोवीसही जण गोरे अमेरिकन पुरुष होते. स्थानक पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर फिरते. मुंबईहून सोलापूर रस्त्याने जेवढे दूर, तेवढेच ते वर. पृथ्वी एक फूट व्यासाचा चेंडू मानली तर स्थानक तिच्यापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर येते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याला सात खिडक्यांचा एक घुमट जोडण्यात आला, आणि बरीचशी छायाचित्रे आता तेथून घेतली जातात. त्यांत क्षितिजाची वाकलेली रेघ दिसते आणि खाली पृथ्वीचा एक तुकडा, नदी, वाळवंट, शहर. रात्री दिवे दिसतात.

आणि सीमाही दिसतात! २१ ऑगस्ट २०११ रोजी स्थानकातून घेतलेल्या एका रात्रीच्या छायाचित्रात भारत आणि पाकिस्तान यांच्यामधली सीमा नारिंगी दोऱ्यासारखी वळणे घेत गेलेली स्पष्ट दिसते, कारण कुंपणावर रात्रभर प्रखर दिवे लावलेले असतात. एप्रिल २०१३ मध्ये ख्रिस हॅडफील्ड यांनी बर्लिनचे छायाचित्र घेतले. भिंत पडून २३ वर्षे झाली होती, तरी पूर्वेकडचे पिवळसर आणि पश्चिमेकडचे पांढरट दिवे यांच्यामुळे ते शहर दोन तुकड्यांत दिसत होते. जानेवारी २०१४ मधील एका छायाचित्रात दक्षिण कोरिया लखलखतो आहे आणि उत्तर कोरियाच्या जागी समुद्रासारखा काळोख आहे. तेव्हा 'सीमा दिसत नाहीत' हे विधान साफ चूक आहे. ज्या सीमेवर सरकार वीज खर्च करते ती सीमा दिसते, आणि ज्या सीमेवर दिवे लावण्याची कोणाला गरज पडत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या माणसांना ती अंधारातही बरोबर सापडते, ती तेवढी दिसत नाही.

आपल्या देशाचे दोन अंतराळवीर या संदर्भात आठवतात. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत यानातून सॅल्यूत-७ या स्थानकावर गेले. भारताच्या भूभागाची छायाचित्रे घेणे हा त्यांच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. जंगले, जलसाठे, खनिजे यांच्या पाहणीसाठी ती हवी होती. परंतु आपल्या स्मरणात राहिले ते वेगळेच. वरून भारत कसा दिसतो, असे इंदिरा गांधींनी विचारले आणि त्यांनी इक्बालांच्या सुप्रसिद्ध गीताचा पहिला चरण उत्तरादाखल म्हटला. जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर गेले. भारत नकाशापेक्षा फार भव्य दिसतो आणि बाहेरून कोणतीही सीमा दिसत नाही, असे त्यांनी पंतप्रधानांशी बोलताना सांगितले. दोघेही वायुदलाचे अधिकारी, दोघेही धैर्यवान. त्यांच्या उत्तरांची चिकित्सा करण्याचा माझा हेतू नाही. अशा वेळी दुसरे काय बोलायचे? पण एक गोष्ट गमतीची आहे. एकाच वेळी देश इतरांहून श्रेष्ठही दिसतो आणि साऱ्या सीमाही पुसलेल्या दिसतात. या दोन्ही गोष्टी छायाचित्रात नाहीत. त्या पाहणारा घरून घेऊन गेला आहे.

गेल्या वर्षी मी वर्गात एक प्रयोग केला. नासाने अंतराळवीरांनी घेतलेली छायाचित्रे सर्वांसाठी खुली ठेवली आहेत. आमच्या भागाचे एक दिवसा घेतलेले छायाचित्र पडद्यावर लावले आणि बी.ए.च्या मुलांना म्हटले, ओळखा. धरणाचा जलाशय दोन मिनिटांत सापडला. नदी सापडली. उसाचा हिरवा पट्टा कोणाच्या बाजूला आहे हे एका मुलीने न विचारता सांगितले. मग मागच्या बाकावरच्या एकाने विचारले, "सर, आमचं गाव?" तो पुढे आला आणि त्याने पडद्यावर बोट ठेवले. बोटाखाली गाव, गावठाण, वस्ती, स्मशान, शेजारची तीन गावे, सगळे झाकले गेले. वर्ग हसला. मी त्याला विचारले की वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला? त्याने बोट न काढता उत्तर दिले, "पाण्याच्या उताराला."

हे उत्तर कोणत्याही छायाचित्रात सापडणार नाही. अधिक लांब भिंग लावले तर घरांचे पुंजके दिसतील, रस्ता दिसेल, दोन पुंजक्यांमधली मोकळी जागाही दिसेल. ती जागा म्हणजे काय, हे दिसणार नाही. जात ही विटांची भिंत नव्हे की काटेरी तारेचे कुंपण नव्हे, ती मनाची धारणा आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिनिर्मूलना'त सांगितले. धारणेचे छायाचित्र निघत नाही, मग ते ४०० किलोमीटरवरून घ्या की चार फुटांवरून. लोकांनी पुढे विटांची भिंतही बांधून दाखविली हा भाग वेगळा. मदुराई जिल्ह्यातील उथापुरम येथे १९८९ साली दलितांना अडवण्यासाठी सवर्णांनी भिंत बांधली आणि तिचा एक भाग पाडायला २००८ साल उजाडावे लागले. तीही अवकाशातून दिसत नव्हती.

दूरच्या नजरेला एकता दिसते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स मेटकाफ या इंग्रज अधिकाऱ्याने भारतीय खेड्यांना छोटी प्रजासत्ताके म्हटले, आणि पुढे आमच्याच विद्वानांनी ते वर्णन डोक्यावर घेतले. संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना बाबासाहेबांनी मेटकाफचा उल्लेख करूनच या खेडेप्रेमाचे वाभाडे काढले. मेटकाफला दिसलेले खेडे हे कक्षेतून घेतलेले छायाचित्र होते. ते खोटे नव्हते. घरे होती, शेते होती, पंचायत होती. फक्त पंचायतीच्या ओट्यापासून जोडे काढून किती अंतरावर कोणी उभे राहायचे, हे त्यात आलेले नव्हते.

यावर कोणी म्हणेल की अंतराशिवाय कळतही नाही. खरे आहे. आपल्या गावाचा नकाशा मला स्वतःला शिक्षणासाठी गाव सोडल्यावर समजला; तोवर तो नकाशा मी नुसता चालत होतो. जातिसंस्थेची पहिली मांडणी बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात केली. पण ते दूर गेले तेव्हा पाणवठा बरोबर घेऊन गेले होते. दूर जाणे आणि हलके होणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. माझी तक्रार आहे ती अंतराबद्दल नाही. दूर जाताना सगळे येथेच टाकून जाणाऱ्या कवितेबद्दल आहे.

आता त्या उलट्या छायाचित्राकडे येतो. 'ब्लू मार्बल' काढले गेले तेव्हा दक्षिण वर होती, 'अर्थराइज' काढले गेले तेव्हा चंद्राची जमीन उभी होती. काढणाऱ्यांची ती चूक नव्हती. तेथे वर आणि खाली असे काही नसतेच. ज्या क्षणी ती छायाचित्रे पृथ्वीवरच्या छापखान्यात आली त्या क्षणी वर-खाली परत आले. एकाही संपादकाला त्यासाठी विचार करावा लागला असेल असे वाटत नाही. हात आपोआप वळला असेल.

आपल्या परंपरेत हे वर-खाली कोठून येते हे सांगायला नको. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील पुरुषसूक्तात मुख ब्राह्मण झाले, बाहू क्षत्रिय झाले, मांड्यांपासून वैश्य आणि पायांपासून शूद्र निर्माण झाला. 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथाच्या आरंभी बाबासाहेबांनी याच सूक्ताची चिरफाड केली आहे. त्या सूक्तातील आणखी एका गोष्टीकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. त्यात आकाश पुरुषाच्या मस्तकापासून झाले आणि भूमी त्याच्या पायांपासून झाली, असे सांगितले आहे. म्हणजे शूद्र आणि पृथ्वी एकाच ठिकाणाहून जन्मले! आणि अतिशूद्राला तर त्या देहात पायाचीही जागा नाही. तेव्हा आकाशात जाऊन तेथून खाली पाहणे ही आपल्या संस्कृतीत निष्पाप क्रिया नाही. ते मस्तकाच्या जागी जाऊन बसणे आहे. आणि आकाशात प्रत्यक्ष गेलेल्या माणसाचा पुरावा काय सांगतो? तेथे मस्तक नाही आणि पाय नाहीत. हा पुरावा आपल्या हाती पडला असताना आपले कवी त्यातून काय उचलतात, तर 'आपण सारे एक'! फिरवलेले छायाचित्र पुन्हा मुळासारखे धरण्याचे काम सोडून, फिरवणाऱ्यांनी खाली लिहून दिलेला मजकूर ते पाठ करतात.

१९७२ साली, 'ब्लू मार्बल'च्या वर्षीच, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. एकीकडे एका चौकटीत अख्खी पृथ्वी, दुसरीकडे मुंबईच्या काही गल्ल्या. मोठे कोणते? मला उत्तर देताना क्षणभरही थांबावे लागत नाही. विजय तेंडुलकरांनी 'गोलपिठा'ला लिहिलेली प्रस्तावना वाचावी. त्याच मुंबईत हयात घालविलेल्या या जाणत्या लेखकाला त्या कवितेतले शब्द विचारून घ्यावे लागले, त्या भागात कवीबरोबर हिंडावे लागले. पांढरपेशा शहराची हद्द कोठे संपते हे त्यांना तेथे पायी गेल्यावर कळले. ही हद्द कोणत्याही कक्षेतून दिसलेली नाही. ती मराठीत पहिल्यांदा दाखवली ती त्या कवितेने. ज्याला 'वैश्विक' म्हणतात ते या मार्गाने आले तर येते. ढसाळांची कविता आज परभाषांत वाचली जाते ती गल्ली सोडून दिल्यामुळे नव्हे.

अवकाश हा विषयच आपल्या कवींनी घेऊ नये, असे मी म्हणत नाही. विज्ञानाशी आपले वैर नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना विजेचा प्रश्न बाबासाहेबांच्याच हाती होता, आणि वीज ही गरिबीतून सुटण्याची वाट आहे या भूमिकेतून त्यांनी तो हाताळला. अंतराळात आपली मुले जावीत, खिडकीशी बसावीत. अमेरिकेला पहिला काळा अंतराळवीर, गायन ब्लुफोर्ड, पाठवायला १९८३ साल लागले. आपल्याकडे हा प्रश्न विचारण्याचीही अजून सुरुवात नाही. परंतु तो प्रश्न जागेचा आहे, नोकरीचा आहे, शिक्षणाचा आहे. त्याला निळ्या गोलाच्या भावुकतेत बुडवू नये.

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी वार्षिकांकासाठी कविता दिली. पहिल्या कडव्यात अंतराळ स्थानक, दुसऱ्यात त्याच्या आजोळचा पाणवठा. पहिले कडवे कशासाठी, असे मी विचारले. मला वाटले तो खिडकीबद्दल सांगेल. त्याच्या कवितेत खिडकी नव्हतीच. स्थानकावर माणसांचा घाम, श्वासातली वाफ आणि लघवी यांतले पाणी शुद्ध करून तेच पुन्हा प्यायला वापरतात, हे त्याने वाचले होते. अमेरिकन, जपानी, युरोपीय, जो कोणी तेथे असेल त्याच्या अंगातून निघालेले पाणी दुसऱ्याच्या पेल्यात येते आणि कोणी विटाळत नाही. दुसऱ्या कडव्यात आजोळच्या शाळेतले वेगळे ठेवलेले मडके होते. कडवे ठेवायचे ठरले. शाळेचे आणि गावाचे नाव मात्र त्याने घातले नव्हते, नुसते 'एक गाव' असे लिहिले होते. ते घालून कविता परत आणायला सांगितली आहे.